माडीवरचे व्हिडिओ खालच्या टीव्हीवर अडकतात: प्लॅन वाढवू नका, आधी घरातली वाट तपासा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर सोलापूरच्या पूर्व भागात. खालचा मजला जुना दगडी, त्यावर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. वरच्या खोलीत चौथ्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचा डेस्कटॉप, विंडोज १०, दोन टीबीची डिस्क. डिस्कवर सासऱ्यांनी हँडीकॅमवर वर्षानुवर्षं टिपलेली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, डीव्हीडीवरून उतरवलेली घरची लग्नं आणि अलीकडचे मोबाइलचे फोरके व्हिडिओ. खाली हॉलमध्ये अँड्रॉइडचा फोरके टीव्ही. फोल्डर शेअर केलाय, टीव्हीवर व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं ॲप टाकलंय, पण दर दोन-चार मिनिटांनी चित्र थांबतं आणि चक्र फिरत बसतं. काही फाइलींना आवाज नाही. कधी कधी टीव्हीला कॉम्प्युटर दिसतच नाही. फायबरवाल्याने शंभर एमबीपीएसचा (सेकंदाला किती डेटा जातो, त्याचं हे माप) इंटरनेट प्लॅन तीनशेचा करा म्हणून सांगितलंय, आणि तो करू का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. वरच्या खोलीतून खालच्या टीव्हीवर जाणारा व्हिडिओ तुमच्या घराबाहेर पडतच नाही. कॉम्प्युटरवरून राउटरवर आणि राउटरवरून टीव्हीवर, एवढाच त्याचा प्रवास. प्लॅनचा आकडा राउटरच्या पलीकडचा आहे. इंटरनेट दिवसभर बंद असलं तरी घरातला व्हिडिओ टीव्हीवर चालला पाहिजे, आणि जोडणी नीट असेल तर तो चालतो. टीव्हीवर स्पीड टेस्ट केली, नव्वदच्या वर आकडा आला, म्हणजे घरातलं सगळं ठीक आहे असंही धरू नका. ती चाचणी टीव्ही आणि बाहेरचं जग यांच्यातला वेग मोजते. टीव्ही आणि वरची खोली यांच्यातला वेग ती मोजत नाही, आणि तुमचं अडलंय ते तिथेच.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी ओघात आल्यात, त्यांच्यातच बहुतेक सगळं उत्तर आहे. पहिली: कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वायफायवर आहेत. दुसरी: खाली रेंज येत नव्हती म्हणून यजमानांनी आणखी एक राउटर आणला, वरच्या पॅसेजमधल्या फायबरच्या डब्यातून त्याला केबल आणली, आणि टीव्हीत आता दोन्ही वायफायची नावं सेव्ह आहेत.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. कॉम्प्युटर राउटरला डेटा देत असतो तेव्हा राउटर टीव्हीला देऊ शकत नाही, त्याला थांबावं लागतं. दोन्ही उपकरणं एकाच राउटरच्या एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) असली की व्हिडिओचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा वर चढताना आणि एकदा खाली उतरताना. हाती येणारा वेग त्यामुळे जवळपास निम्मा होतो. त्यात टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर सेटिंगमध्ये ७२ किंवा १४४ एमबीपीएस दिसतं, पण तो आकडा आदर्श परिस्थितीतला. प्रत्यक्षात मिळतं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातलं पुन्हा निम्मं दुहेरी प्रवासात जातं. आपल्या पेठांमध्ये घरं भिंतीला भिंत लागून आहेत, शेजारच्या पाच-सात घरांची वायफाय तुमच्या हॉलमध्ये येतात, आणि २.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त असतो, पण जुन्या दगडी भिंतीतून ते फार कमी आरपार जातं. दीड हात जाडीची भिंत आणि वरचा स्लॅब मध्ये आला की टीव्हीला पाच गिगाहर्ट्झ सापडतं, पण टिकत नाही.

आता तुमच्या फाइलींना किती वेग लागतो ते काढू. हा हिशेब घरी करता येतो आणि मी तो प्रत्येकाला आधी करायला लावतो. फाइलवर राइट क्लिक करून आकार बघा, तो एमबीमध्ये घ्या, त्याला आठने गुणा आणि व्हिडिओच्या एकूण सेकंदांनी भागा. येतं ते एमबीपीएस. लग्नाचा एक तासाचा व्हिडिओ २७०० एमबीचा असेल तर २७०० गुणिले ८ भागिले ३६००, म्हणजे ६. मोबाइलवर फोरकेमध्ये घेतलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ ३७५० एमबीचा असेल तर ३७५० गुणिले ८ भागिले ६००, म्हणजे ५०. पहिला कुठल्याही वायफायवर चालेल. दुसरा तुमच्या सध्याच्या जोडणीवर अडकणारच, आणि प्लॅन हजारचा केला तरी अडकेल.

तुमच्याकडच्या बाकी प्रकारांचे आकडे साधारण असे. डीव्हीडीवरचं चित्र जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएसचं असतं, बहुतेक लग्नांच्या डीव्हीडी त्याच्या बऱ्याच खाली. सासऱ्यांचा हँडीकॅम मिनी डीव्ही टेपचा असेल आणि टेप जशीच्या तशी उतरवली असेल तर चित्रच २५ एमबीपीएसचं, तासाला सुमारे १३ जीबी. नंतरच्या मेमरी कार्डाच्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइली साधारण २४ ते २८ पर्यंत जातात. म्हणजे यात्रेचं जुनं चित्रीकरण दिसायला साधं असलं तरी आजच्या बऱ्याच सिनेमांच्या फाइलींपेक्षा जड आहे. हे लोकांच्या लक्षात येत नाही. "एवढा मोठा सिनेमा चालतो आणि बाबांचा जुना व्हिडिओ का अडकतो," हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर या भागाकारात असतं.

कुठलीही खरेदी करण्याआधी एक तपासणी करा. अडकणारी एक फाइल निवडा, दर वेळी तीच वापरा. ती आधी वरच्या कॉम्प्युटरवरच चालवा. (मोबाइलचा फोरके व्हिडिओ यासाठी निवडू नका, तो जुन्या प्रोसेसरमुळेही तिथे अडकू शकतो.) तिथेच अडकली तर बहुधा डिस्क किंवा फाइल खराब आहे, पुढचं काही वाचू नका, आधी ती फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. तिथे नीट चालली तर पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लावा. (पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाइल घेणारच नाही, तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, पण त्याने त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. तुमचा टीव्ही एक्सएफएटी वाचत नसेल तर चार जीबीच्या आतली फाइल निवडा.) पेनड्राइव्हवरूनही टीव्हीवर अडकली किंवा आवाज आला नाही, तर टीव्हीला तो फॉरमॅट पेलत नाही. पेनड्राइव्हवरून सुरळीत चालली आणि फक्त नेटवर्कवरून अडकली, तर दोष वाटेचा. या तीन पायऱ्यांनी मशीन, फाइल आणि वाट वेगळी होतात. हे न करता नवा राउटर आणणारी माणसं मी फार बघतो, आणि त्यांचे पैसे वाया जाताना वाईट वाटतं.

वाटेचा उपाय वायर आहे. कॉम्प्युटर हलत नाही, टीव्ही हलत नाही, मग दोघांनी हवेतून बोलायचं कारण नाही. तुमच्याकडे तर काम फारच सोपं आहे: फायबरचा डबा वरच्या पॅसेजमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरपासून एका खोलीवर. तिथे एक केबल. खालचा राउटर हॉलच्या दाराशी, टीव्हीपर्यंत दुसरी केबल. वरून खाली येणारी केबल आधीच आहे. दोन केबलींत सगळी वाट तांब्याची होते. एकच घालणं शक्य असेल तर आधी कॉम्प्युटरची घाला. डेटा निघतो तिथून, आणि तेवढ्यानेही हवेतला दुहेरी प्रवास एकेरी होतो.

लॅन केबल कॅट ६ प्रकारची घ्या, कॅट ५ई सुद्धा पुरते. दोन्ही शंभर मीटरपर्यंत गिगाबिट (हजार एमबीपीएस) वाहून नेतात. दुकानात विचारताना तार शुद्ध तांब्याची आहे का हे विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल दिसायला तशीच असते, पण जॅक दाबताना तुटते आणि वर्षा-दोन वर्षांत सांधा सैल होतो. सरळ गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून ओढायची असेल तर काळ्या जॅकेटची बाहेर वापरायची केबल मागा किंवा पाइपमधून न्या. आपल्याकडच्या उन्हात साध्या केबलचं आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात आत पाणी जातं. आणि घरातल्या लाइटच्या पाइपमधून ही केबल ओढू देऊ नका, वायरमन कितीही आग्रह करू दे. २३० व्होल्टच्या तारेशेजारी एकाच पाइपात ती असणं धोक्याचं आहे.

वरून खाली आलेली जुनी केबल मात्र तपासून घ्या. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, शंभरच्या वेगाला चारच पुरतात. शंभरला न लागणाऱ्या चारांपैकी एक जरी जॅकमध्ये नीट बसली नसेल तर जोडणी बंद पडत नाही, ती गुपचूप शंभरवर उतरते आणि कुणाला कळत नाही. ओळखायची सोपी रीत: लॅपटॉप असेल तर खालच्या राउटरला केबलने जोडा आणि वरच्या कॉम्प्युटरवरून एक मोठी फाइल कॉपी करा. सेकंदाला ११-१२ एमबीवर अडली तर मध्ये कुठेतरी शंभरचा टप्पा आहे. शंभर एमबीच्या वर गेली तर वाट गिगाबिट आहे. (वरची हार्ड डिस्क जुनी असेल तर आकडा थोडा कमी येईल, तरी फरक स्पष्ट दिसतो.) शंभरचा टप्पा केबलमुळेच असेल असं नाही, खालचा राउटर स्वस्तातला असेल तर त्याची भोकंच शंभरची असतात. आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामाला शंभर पुरतं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅनचं भोकही शंभरचंच असतं, आणि तुमची सगळ्यात जड फाइल ५० एमबीपीएसच्या आसपासची असेल. वायरवरचं शंभर म्हणजे प्रत्यक्ष ९४-९५ आणि ते सारखं मिळतं. वायफायच्या आकड्याला असा भरवसा नाही.

आता दुसरी गोष्ट, दोन राउटरची. टीव्हीला कॉम्प्युटर कधी दिसतो आणि कधी नाही, याचं कारण बहुधा हेच. फायबरचा डबा स्वतःच एक राउटर आहे. तो कॉम्प्युटरला समजा १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा आकडा) देतो. खालचा राउटर पेटीतून काढून तसाच लावला असेल तर तो आपलं वेगळं जाळं उभं करतो आणि टीव्हीला समजा १९२.१६८.०चा पत्ता देतो. एकाच घरात दोन जाळी, मध्ये भिंत. टीव्ही ज्या दिवशी वरचं वायफाय पकडतो त्या दिवशी कॉम्प्युटर दिसतो, पण रेंज कमी म्हणून अडकतो. खालचं पकडतो त्या दिवशी रेंज भरपूर, पण कॉम्प्युटर गायब. आजूबाजूला कोण आहे हे शोधण्यासाठी उपकरणं जी हाक मारतात ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. गंमत अशी की अशा वेळी कॉम्प्युटरचा पत्ता हाताने टाकला तर खालून वर पोचता येतं, कारण खालच्या जाळ्यासाठी वरचं जाळं म्हणजे बाहेरचं जग. उलट दिशेने, वरून खाली, ते जमत नाही.

उपाय असा. खालच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं न करता फक्त वायफाय देईल. तो पर्याय नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून वरच्या जाळ्यातला एक मोकळा पत्ता द्या, आणि वरून आलेली केबल निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन भोकातून काढून साध्या लॅन भोकात लावा. मग पत्ते देणारा एकच राहतो, वरचा डबा, आणि सगळं घर एका जाळ्यात येतं. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, मोबाइल आपोआप जवळचं पकडेल. टीव्ही कुठल्याही कारणाने 'गेस्ट' वायफायवर असेल तर तिथूनही काढा. गेस्ट जाळं मुद्दाम घरातल्या इतर उपकरणांपासून तोडलेलं असतं.

त्याच वेळी वरच्या डब्यात कॉम्प्युटरसाठी एक कायमचा पत्ता राखून ठेवा. डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाने तो पर्याय असतो. नाहीतर लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरला नवा पत्ता मिळतो आणि टीव्हीवर सेव्ह केलेला जुना चालत नाही. सोलापुरात लाइट जाते-येते, तेव्हा हे काम टाळू नका.

फोल्डर शेअर करताना एक खाचखळगा जवळजवळ प्रत्येक घरात लागतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. टीव्हीवरचं व्हीएलसी युजरनेम आणि पासवर्ड मागतं. तुम्ही रोज कॉम्प्युटर उघडताना चार आकडी पिन टाकता, तोच इथे टाकता, आणि ते "चूक आहे" म्हणतं. पिन फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसासाठी आहे, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो ईमेलचा लांबलचक पासवर्ड असतो. टीव्हीच्या रिमोटने तो टाकण्यापेक्षा कॉम्प्युटरवर 'टीव्ही' नावाचं वेगळं लोकल खातं काढा. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. पासवर्ड द्याच, रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग शेअर केलेल्या फोल्डरवर या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या, लिहिण्याची नाही. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. रिमोट हातात घेऊन एखाद्या नातवंडाने यात्रेचं फोल्डर डिलीट केलं, तर ते चित्रीकरण परत कुठून आणणार?

नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर विंडोज स्वतःला लपवून ठेवतं. आणि शोधताना तुम्हाला "एसएमबी १ चालू करा" असा सल्ला कुठेतरी सापडेल. तो मानू नका. ती फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत आहे, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा, फाइली ओलीस धरणारा व्हायरस त्यातल्याच कच्च्या दुव्यातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातून बसवणं थांबवलं. टीव्हीवरचं आजचं व्हीएलसी नव्या पद्धतीने बोलतं, त्याला तिची गरज नाही.

एवढ्यावर थांबलात तरी निम्म्याहून जास्त त्रास संपेल. पण घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना फोल्डरच्या आत फोल्डर उघडत जाणं जमत नाही, म्हणून पुढचं पाऊलही सुचवतो: वरच्या कॉम्प्युटरवर जेलीफिन बसवा. हा मोफत आणि खुला मीडिया सर्व्हर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ नीट मांडून टीव्हीवर दाखवणारा प्रोग्रॅम. एम्बी नावाच्या सर्व्हरने आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून तो वेगळा निघाला. प्लेक्सही चांगलं आहे, पण त्याला बाहेरचं खातं लागतं आणि हार्डवेअरने रूपांतर करण्यासारख्या सोयींना पैसे पडतात. घरच्या चित्रीकरणासाठी मी जेलीफिनच बसवतो, कारण त्यात सगळं घरातल्या घरात राहतं. टीव्हीवर प्ले स्टोअरमधून त्याचं ॲप घ्या, पत्ता म्हणून कॉम्प्युटरचा आकडा आणि पुढे पोर्ट ८०९६ टाका, इंग्रजी आकड्यांत. पहिल्यांदा चालू करताना विंडोजची फायरवॉल विचारेल, प्रायव्हेट नेटवर्कला परवानगी द्या.

लायब्ररी करताना प्रकार 'होम व्हिडिओज' निवडा. 'मूव्हीज' निवडलंत तर जेलीफिन प्रत्येक फाइलचं नाव इंटरनेटवरच्या सिनेमांशी जुळवायला जातं आणि तुमच्या नणंदेच्या लग्नावर कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लावून मोकळं होतं. फोल्डरची नावं वर्षाने सुरू करा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. आत यात्रेचे टप्पे जसे होतात तसे फोल्डर करा: यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता, होम, शोभेचं दारूकाम. सासऱ्यांना शेजारी बसवून हे करा. कुठल्या वर्षी कुणाच्या खांद्यावर यात्रेतला उंच नंदीध्वज होता, अक्षता होतात त्या संमती कट्ट्याजवळ कोण कोण उभं आहे, हे फाइलीत लिहिलेलं नाही, ते त्यांच्याच डोक्यात आहे. नाव देताना ते लिहून घ्या.

जेलीफिन चालू झालं की त्याच्या डॅशबोर्डवर एक ओळ दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवा. टीव्हीवर व्हिडिओ चालू असताना तिथे 'डायरेक्ट प्लेइंग' लिहिलेलं असेल तर फाइल जशीच्या तशी जातेय, कॉम्प्युटरला काहीच कष्ट नाहीत. 'ट्रान्सकोडिंग' लिहिलेलं असेल तर कॉम्प्युटर ती फाइल चालू-चालूच दुसऱ्या रूपात बदलतोय, आणि तो मागे पडला की चित्र थांबतं. तेव्हा वाट कितीही रुंद असली तरी उपयोग नाही. तुमचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर २०१३ सालच्या घराण्यातला. त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओच्या कामाचा प्रोसेसरमधला खास भाग) एच २६४ ही व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत हाताळतं, पण तिच्या पुढची एच २६५ त्याला येत नाही. ते सहाव्या पिढीपासून आलं. आजचे बरेच मोबाइल फोरके व्हिडिओ एच २६५ मध्ये साठवतात. तो फोरके व्हिडिओ या कॉम्प्युटरकडून बदलून घ्यायचा म्हणजे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर, आणि तेवढं त्याच्याने होणार नाही.

पण ते करायची गरजच पडू नये. तुमचा फोरके टीव्ही एच २६५ स्वतः उलगडू शकतो. मग ट्रान्सकोडिंग का होतं? बहुतेक वेळा एका सेटिंगमुळे. टीव्हीवरच्या ॲपमध्ये कमाल वेगाची मर्यादा असते, ती २० एमबीपीएसवर असेल आणि फाइल ५०ची असेल तर ॲप स्वतःहून "मला बारीक करून दे" म्हणतं. ती मर्यादा सगळ्यात वर नेऊन ठेवा. दुसरं कारण आवाज. चित्र टीव्हीला चालतं पण डीटीएस नावाच्या प्रकारातला आवाज बऱ्याच टीव्हींना चालत नाही. तुमच्या बिनआवाजी फाइलींचं कारण हेच असावं, किंवा जुन्या डीव्हीडी उतरवताना वापरलेला एखादा प्रकार. जेलीफिन अशा वेळी फक्त आवाज बदलून देतं, आणि त्याचा भार तुमच्या कॉम्प्युटरला जाणवणारही नाही. तिसरं कारण चित्ररूपातली सबटायटल्स. ती चित्रावर उमटवून द्यायची तर अख्खा व्हिडिओ नव्याने करावा लागतो. सबटायटल्स वेगळ्या एसआरटी फाइलीत ठेवा, आणि मराठी असतील तर ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील.

लग्नाच्या डीव्हीडी व्हीओबी फाइलींच्या तुकड्यांत आहेत असं तुम्ही लिहिलंय, प्रत्येक तुकडा एक जीबीच्या आतला. एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ते जोडून एकच एमकेव्ही फाइल करा. यात चित्र पुन्हा बनत नाही, फक्त पेटी बदलते, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. एमटीएस फाइलीही अशाच एमकेव्ही करून घेता येतात. सगळं हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून काढून लहान करा असं कुणी सांगेल. मूळ चित्रीकरणाच्या बाबतीत तसं करू नका. डिस्क स्वस्त आहे, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही. एक छोटी अडचण मात्र दिसेल: जुनं हँडीकॅमचं चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत टिपलेलं) असतं, त्यामुळे नंदीध्वज हलतात तेव्हा कडांवर तुटक आडव्या रेषा दिसतात. फाइल खराब नाही. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात.

आता तुमच्या भागाला लागू पडणारं थोडं. शेजारी यंत्रमाग असतील तर कापसाचे तंतू कॉम्प्युटरच्या पंख्यात आणि पॉवर सप्लायमध्ये घट्ट बसतात. साधी धूळ फुंकरीने उडते, हे तंतू नमद्यासारखे जमतात आणि ब्रशने सोडवावे लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, खोली थेट स्लॅबखाली आणि त्यात कोंडलेला पंखा. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तुम्हाला वाटतं नेटवर्क अडकलं. मार्च लागण्याआधी एकदा साफ करून घ्या, कॉम्प्युटर बंद करून आणि प्लग काढून.

विजेचं असं करा. व्हिडिओ लिहिला जात असताना लाइट गेली तर फाइलच नाही, डिस्कची मांडणीही बिघडू शकते. कॉम्प्युटरला यूपीएस द्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. फायबरचा डबा आणि खालचा राउटरही बॅकअपवर हवेत, नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि मधली वाट बंद. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कधीच नाही असं ठेवा. टीव्हीला कॉम्प्युटर न दिसण्याचं हेही एक कारण असतं, आणि वर जाऊन माउस हलवला की अचानक सगळं चालायला लागतं.

विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि चौथ्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. हा कॉम्प्युटर पुढे फक्त सर्व्हर म्हणूनच ठेवायचा असेल तर त्यावर विंडोजऐवजी डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली घाला, जेलीफिन तिथे जास्त निवांत चालतं. पण ते सगळं डिस्कची दुसरी प्रत झाल्यावरच. दोन टीबीच्या त्या एका डिस्कवर घराचा एवढा ठेवा आहे आणि तुमच्या पत्रात दुसऱ्या प्रतीचा उल्लेख नाही. टीव्हीवर दिसतंय म्हणजे ते सुरक्षित आहे असं होत नाही. बाहेरची एक डिस्क आणा, सगळं कॉपी करा, चार-पाच फाइली उघडून पाहा, आणि ती डिस्क या घरात न ठेवता माहेरी किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. केबल उद्या टाकली तरी चालेल, हे आज करा.

पुण्याच्या नणंदेलाही हे सगळं दिसावं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथे मात्र तुमचा प्लॅन मध्ये येतो, आणि त्यातलाही अपलोडचा आकडा. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून जेलीफिन सगळ्या जगाला दाखवू नका. बऱ्याच जोडण्यांना आता इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ताही मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही ते चालत नाही. कॉम्प्युटरवर आणि नणंदेच्या मोबाइलवर टेलस्केल नावाचं ॲप घाला, दोघांमध्ये खासगी वाट तयार होते. नणंदेच्या जेलीफिन खात्याला ६ किंवा ८ एमबीपीएसची मर्यादा लावा. लग्नाचे बहुतेक व्हिडिओ त्या मर्यादेत बसतील. जड एच २६४ फाइली तुमचा प्रोसेसर तेवढ्या बारीक करून देईल. मोबाइलचे फोरके एच २६५ व्हिडिओ त्यांना त्या वाटेने दाखवू नका, ते सरळ पाठवून द्या.

दोन केबली आणि एक जाळं झाल्यावरही एखादी फाइल अडकली तर मला एवढं कळवा: तिचा आकार, तिची लांबी, पेनड्राइव्हवरून ती टीव्हीवर चालते का, आणि जेलीफिनच्या डॅशबोर्डवर त्या वेळी 'डायरेक्ट प्लेइंग' लिहिलं होतं की 'ट्रान्सकोडिंग', आणि त्याखाली दिलेलं कारण.